लाभ, दोन, तीन

(प्रा. लीलाधर फालक गेले, त्यानंतर. अमळनेर.)

शोकसभेत मला शेवटून दुसरी खुर्ची मिळाली.
फिजिक्सवाले म्हणाले, सर आमचेच,
पण मध्येच वाट सोडून गेले.
वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, पाहुण्यासारखे यायचे,
केळीच्या पानावरचे डाग मोजायचे, चहा न घेता निघायचे.
एक निवृत्त यार्डमास्तर उठले:
"भुसावळला मालगाडी चाळीस मिनिटं अडली
तर इटारसीपर्यंत काय काय अडतं
हे मला छत्तीस वर्षं ठाऊक होतं.
याला विज्ञान म्हणतात, हे यांनी सांगितलं."
लोक हसले. मग कुणीतरी विचारलं,
फोटो कोणत्या विभागात लावायचा?
तिथंच सभा अडली.

मी बोललो नाही. मी मापाडी.
माझा विभाग म्हणजे मार्केट यार्डातला सहा नंबरचा ओटा.

दादरचा हंगाम होता.
सर सायकलवरून आले, म्हणाले,
अवचितभाऊ, एक ढीग करून द्या.
किती क्विंटलचा?
म्हणाले, एकेका दाण्याचा.

तीन रात्री बल्बखाली तेच.
मी चिमटीतून दाणा सोडायचा,
ते वहीत रेघ मारायचे.
बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही.
पंगतीत उशिरा आलेला माणूस
गुडघे आखडून जागा करून घेतो,
तसा दाणा बसायचा.
कधी दोन-चार घरंगळायचे.
आणि तिसऱ्या रात्री, चार वाजले असतील,
अख्खा उतार सुटला,
माझ्या पायांवर, वहीवर, त्यांच्या चपलांत.
मी शरमलो. म्हटलं, हात हलला माझा.
सर म्हणाले, नाही.
हा दाणा आधीच्या दाण्यांसारखाच होता.
ढीगच तयार होऊन बसला होता.

त्याच वर्षी मेव्हण्याची अडत बुडाली होती.
एकाची उधारी थकली आणि अकरा दुकानं बसली.
आम्ही सगळे एकाच माणसाला शिव्या देत होतो,
त्याचं नाव घेऊन थुंकत होतो.
सरांनी पिशवीतून दोन पारदर्शक कागद काढले:
एकावर रावेरकडच्या बागांतला करपा,
दुसऱ्यावर अमळनेरची उधारी.
एकावर एक ठेवून उजेडाला धरले.
"हे तुमच्या मेव्हण्याचं दुकान," म्हणाले,
"इथं, या बागेच्या बांधावर."
मला नीटसं कळलं नाही.
पण घरी जाऊन मी त्या माणसाकडे
बऱ्याच महिन्यांनी तंबाखू मागितली.

बोरीच्या काठी भोरड्या उतरायच्या तेव्हा
सर माळ्यावर चढून बसत,
राखणदाराच्या हातातली गोफण गोडीगुलाबीनं काढून घेत.
आभाळात ते काळं कापड वळायचं, फाटायचं, पुन्हा शिवलं जायचं.
राखणदार विचारी, यातला म्होरक्या कोणता?
म्होरक्या नाही, सर म्हणत.
जो तो शेजारचे सहा-सात बघतो, बस.
राखणदार म्हणे, मग आमच्या सोसायटीत असं का नाही होत?
सर खूप वेळ गप्प राहिले.
म्हणाले, तेही होतं. आपण आत असतो म्हणून दिसत नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं,
पहिल्या मापाला तुम्ही एक का म्हणत नाही?
म्हटलं, आजोबा सांगायचे,
एक म्हटलं की ते एकटं पडतं. म्हणून लाभ म्हणायचं.
सरांनी ते वहीत लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.
एवढं शिकलेला माणूस
माझ्या आजोबांचं वाक्य उतरवून घेतो,
तेव्हा मापाड्यानं कुठं बघायचं?

फोटोचं पुढं काय झालं, कळलं नाही.
शिपायानं तो जिन्याखाली टेकवून ठेवला होता,
सगळ्या विभागांना जाताना तोच जिना लागतो.

आज ओट्यावर गोण्या उलटल्या.
धूळ बसली. ढीग जरासा सरकला आणि थांबला.
मी माप भरलं, मोठ्यानं म्हटलं, लाभ,
आणि पुढचं राहूनच गेलं.
हमाल ओरडला,
"काय रे भो, दोन म्हण ना."